तो पाणी प्यायला गेला

बोका नावाचा तो कुत्रा उठला आणि पाणी प्यायला गेला. घडलं ते एवढंच. पण नेमकं त्याच वेळी, अकरा महिने कुणापुढेही न काढलेलं एक वाक्य मी कसंबसं ओठांपर्यंत आणलं होतं. माझा उजवा हात त्याच्या मानेवरच्या दाट केसांत रुतलेला होता. वाक्याचे पहिले दोन शब्द बाहेर पडले, ‘आईनं मला...’, आणि हाताखालचं ते ऊबदार ओझं सरकलं. पुढचे पाय लांब ताणून, ढुंगण वर करून त्यानं आळस दिला, कान फडफडवले आणि कोपऱ्यातल्या स्टीलच्या भांड्याकडे चालू लागला. नखांची टकटक, आणि मग लपक लपक लपक. शांत खोलीत कुत्रा पाणी पितो तेव्हा केवढा मोठा आवाज होतो, हे ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल. माझं वाक्य तिथंच थांबलं. समोर बसलेल्या समुपदेशक मॅडम काही बोलल्या नाहीत. मी हात मांडीवर घेतला, तळव्याला चिकटलेले तीन-चार केस एकेक करून वेचले आणि म्हणाले, “वेळ झाली वाटतं.” वेळ झाली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात बारा मिनिटं शिल्लक होती आणि ती मला स्वच्छ दिसत होती.

घरी पोचेपर्यंत मला त्या कुत्र्याचा राग आलेला होता.

राग म्हणजे खरं तर अपमानच. आपण बोलत असताना समोरच्यानं हळूच फोन बघावा, तसं काहीतरी. पण माणसावर निदान चिडता येतं, कुत्र्याला काय बोलणार? मी वाटभर मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. मागच्या वेळी ऑफिसातल्या फालतू कटकटी सांगत होते तेव्हा माझ्या पायावर डोकं टाकून घोरत पडला होतास, शेपूटसुद्धा हलवली नाहीस. आणि आजच बरी तुला तहान लागली? बरं, हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. ‘कुत्रा माझं बोलणं अर्धवट टाकून पाणी प्यायला गेला’ हे वाक्य जरा मोठ्यानं म्हणून बघा. तक्रार म्हणून ते उभंच राहत नाही.

मी काही कुत्र्यासाठी तिथं गेले नव्हते. झोप येईना, चिडचिड वाढली, एकदा मीटिंगमध्ये विनाकारण रडू फुटलं, म्हणून कुणीतरी नंबर दिला आणि मी गेले. पहिल्या भेटीआधी भरायच्या फॉर्मवर झोपेचे, औषधांचे, घरातल्या आजारपणाचे प्रश्न होते आणि मध्येच वेगळ्याच गावचे चार : कुत्र्यांची भीती वाटते का? कधी कुत्रा चावला आहे का? केसांची अ‍ॅलर्जी आहे का? सेशनच्या वेळी खोलीत कुत्रा असलेला चालेल का? मी ‘चालेल’वर खूण केली. शेजारी ‘आवडेल’ असाही पर्याय होता, तो सोडून. त्या काळात मला काहीच आवडत नव्हतं, नुसतं चालत होतं.

बोका मातकट रंगाचा, अर्धा लॅब्राडोर आणि उरलेला अर्धा देव जाणे कोण. पिल्लू असताना अंगाची गुंडाळी करून खिडकीच्या कट्ट्यावर बसायचा म्हणून त्याचं नाव बोका पडलं, असं मॅडमनी सांगितलं. सहा वर्षांचा, तोंडाभोवती अकालीच पांढरा झालेला. तो मॅडमच्याच घरी राहतो आणि आठवड्यातले तीन दिवस त्यांच्याबरोबर कामावर येतो. माझी आधी समजूत अशी की असा शिकवलेला कुत्रा काहीतरी करत असणार. अंधांना वाट दाखवणारा कुत्रा करतो, फिट येण्याआधी माणसाला सावध करणाराही करतो. तिथं एका माणसासाठी एक कुत्रा तयार केलेला असतो, त्याचं काम ठरलेलं असतं. बोका मात्र काहीच करेना. पहिल्या दिवशी दारात येऊन त्यानं माझा बूट, मग दुसरा बूट, मग पर्सचा तळ असा सविस्तर वास घेतला आणि जाऊन आपल्या चटईवर आडवा झाला. कामावर येऊन हा करतो काय? तर असतो.

हे असणं काय चीज आहे, ते कळायला मला दोन-तीन आठवडे लागले. समुपदेशनाच्या खोलीत सगळ्यात अवघड जागा कुठली, तर समोरच्याचे डोळे. त्यांत कितीही माया असली तरी ते आपल्याकडे बघत असतात. आपण बोलायचं आणि आपलं बोलणं कुणाच्या तरी चेहऱ्यावर उमटताना बघायचं, हे मला झेपत नव्हतं. बोका खोलीत असला की खाली बघायला कारण मिळायचं. मान खाली घालून रडणं म्हणजे लाज, पण मान खाली घालून कुत्रा कुरवाळणं म्हणजे नुसतं कुत्रा कुरवाळणं. त्याच्या अंगावर वरचे केस राठ आणि त्यांच्या आत कापसासारखी दुसरी मऊ अस्तराची लव. बोटं तिथपर्यंत गेली की उबेचा एक वेगळाच थर लागतो. कुत्र्याच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा अंमळ जास्त, ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याला बारीक ताप आल्यावर असतं तेवढं. थंड पडलेल्या तळव्याला ते फार कळतं. श्वासाबरोबर बरगड्या वर-खाली व्हायच्या, मधूनच एक लांब सुस्कारा निघायचा, आणि बोलता बोलता माझाही श्वास कधी तसाच लांबायला लागायचा, ते माझ्या लक्षातही येत नसे. गप्प बसण्याचंही ओझं वाटेनासं झालं. एरवी दोघांतली शांतता कुणीतरी भरून काढावी लागते. तिघांत एक जण घोरत असला की ती भरलेलीच असते.

मला वाटतं, मी त्याला मॅडमपेक्षा जास्त सांगितलं. म्हणजे सांगितलं मॅडमना, पण तोंड त्याच्याकडे करून. अशी तिरकी वाट किती जुनी आहे, हे मला नंतर कळलं.

कारण त्या रात्री मी पुरावे शोधायला बसले. खोटं कशाला बोलू, मला ते प्रकरण समजून घ्यायचं नव्हतं, कुत्र्यावर आरोप सिद्ध करायचा होता. त्याला कळत होतं आणि तरी तो गेला, असं कुणीतरी शास्त्रीय भाषेत म्हणायला हवं होतं. रात्री दोन वाजता मी सापडेल ते वाचत होते. सगळ्यात आधी भेटले बोरिस लेव्हिन्सन. न्यूयॉर्कमधले बालमानसतज्ज्ञ. त्यांच्याकडे एक मुलगा यायचा, कुणाशीच न बोलणारा, आधीच्या उपचारांना अजिबात दाद न दिलेला. एक दिवस मायलेकरं ठरलेल्या वेळेच्या बरीच आधी आली. लेव्हिन्सनांचा कुत्रा जिंगल्स, जो एरवी पेशंट येण्याआधी खोलीबाहेर जायचा, तो अजून तिथंच होता. तो धावत मुलाकडे गेला, चाटायला लागला. मुलानं त्याला मिठी मारली आणि जाताना विचारलं, पुन्हा आलं तर याच्याशी खेळता येईल का. पुढं किती तरी भेटी तो फक्त कुत्र्याशीच बोलला, मग हळूहळू त्या बोलण्यात डॉक्टरांनाही जागा मिळाली. १९६२मध्ये लेव्हिन्सननी यावर लेख लिहिला आणि त्यात कुत्र्याला चक्क सहउपचारक म्हटलं. पुष्कळ जण हसले. फीमधला किती टक्का कुत्र्याला देता, असंही विचारलं गेलं म्हणे.

त्याच्याही आधी, म्हणजे १९३०च्या दशकात, व्हिएन्नातल्या मनोविश्लेषक फ्रॉइडच्या खोलीत जोफी नावाची, चाऊ-चाऊ जातीची कुत्री असायची. फ्रॉइडच्या मुलानं लिहून ठेवलंय की पेशंटचा तास संपत आला की ती उठून जांभई द्यायची, वडिलांना घड्याळ बघावं लागत नसे. चुकलीच तर मिनिटभर चुकायची, आणि तेही पेशंटच्या नुकसानीत. हे वाचून मी अंधारात मोठ्यानं हसले. मिनिटभर! माझी बारा मिनिटं गेली होती. पण खरा आधार दिला तो हिल्डा डूलिटल या अमेरिकी कवयित्रीनं. १९३३ साली ती फ्रॉइडकडे जात होती, आणि सेशनच्या शेवटी जोफी खोलीत इकडून तिकडे फिरायला लागली की तिला राग यायचा, माझ्या कहाणीपेक्षा प्रोफेसरांना या कुत्रीतच जास्त रस आहे असं वाटायचं. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची, दुसऱ्या खंडातली एक बाई माझ्याच कारणासाठी एका कुत्र्यावर खट्टू झालेली होती. इतकं बरं वाटलं! झोपही लागली असती. पण मी पुढं वाचत राहिले.

२०१२मध्ये लंडनच्या दोन संशोधक बायकांनी १८ कुत्र्यांसमोर माणसांना खोटं खोटं रडायला लावलं. तेच माणूस गुणगुणत किंवा साधं बोलत असताना कुत्रे फारसे जवळ आले नाहीत; रडायला लागल्यावर मात्र बहुतेक सगळे गेले, ते माणूस अगदी अनोळखी असलं तरी गेले, आणि तेही मान खाली घालून, खेळायच्या आविर्भावात नव्हे. २०२२मध्ये बेलफास्टच्या संशोधकांनी आणखी पुढची गोष्ट केली. माणसांना मोठ्या आकड्यापासून उलटी वजाबाकी करायला लावली, त्याआधीचे आणि नंतरचे घामाचे आणि श्वासाचे नमुने चार कुत्र्यांपुढं ठेवले, आणि ताणातला नमुना कुत्र्यांनी दहापैकी नऊहून जास्त वेळा ओळखला. म्हणजे माझ्या हाताला सुटलेल्या घामाचा वास बोक्याला येतच होता. मी रडण्याच्या बेतात आहे हे त्याला बहुधा माझ्याआधी समजलं होतं. आरोप सिद्ध झाला. पहिल्या संशोधनाच्या शेवटी त्या बायकांनी सावधपणे म्हटलं होतं की कुत्र्यांना आपलं दुःख समजतं असा याचा अर्थ लगेच काढू नये. रडणाऱ्यापाशी गेलं की माणूस कुरवाळतो, एवढंच कुत्रे शिकलेले असू शकतात. ते वाक्य मी भराभर पुढं सरकवलं. फिर्यादीच्या उपयोगाचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी खुर्चीत बसता बसताच विचारलं, “त्याला कळतं ना सगळं? मग तो गेला का?”

मॅडमना आठवायला एक क्षण लागला, आणि तो क्षणही मला लागला. मग त्या म्हणाल्या, “त्याला तहान लागली होती.” मी वाट बघत राहिले. “त्या दिवशी पंखा बंद होता. तो बराच वेळ धापा टाकत होता. कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढूनच थंड व्हावं लागतं, आणि त्यात पाणी उडून जातं.” इतकं साधं उत्तर मला नको होतं. तुमचं बोलणं जड होतं म्हणून त्याला ते सोसलं नाही, असं काहीतरी म्हटलं असतं तर मी समाधानानं घरी गेले असते. मॅडम या बाबतीत फार कोरड्या आहेत. बोक्याच्या वागण्याला त्या कधी अर्थ चिकटवत नाहीत. कुणी म्हणालं, त्याला माझं मन वाचता येतं, तर त्या म्हणतात, त्याला तुमच्या खिशातलं बिस्किट वाचता येतं. पण त्यानंतर त्यांनी जे विचारलं, त्यासाठी बहुधा त्यांना आणि बोक्याला मिळून पगार मिळत असावा. “तो उठला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?”

“नको तिथं उठून गेल्यासारखं.”

“अजून कोण असं उठून जायचं?”

मी उत्तर तयारच ठेवलं होतं. बाबा जायचे, भांडण झालं की बाहेर. नवरा अजूनही जातो, गॅलरीत. भाऊ तर परदेशीच गेला. ही यादी मी तोंडपाठ म्हणावी तशी म्हणत होते आणि बोका माझ्या डाव्या बुटावर हनुवटी ठेवून पडला होता. त्यानं नुसत्या भुवया वर केल्या, मान न हलवता. भुवई अशी आतून वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत चांगला तयार असतो आणि लांडग्यांत जवळजवळ नसतोच, म्हणजे हजारो वर्षं माणसांच्या तोंडाकडे बघून बघून हे एक हत्यार त्यांनी कमावलंय, असं मी त्याच रात्री वाचलं होतं. तेव्हा त्या भुवईला काही अर्थ नव्हता, हे मला माहीत होतं. तरी मी बोलायची थांबले. कोपऱ्यात स्टीलचं भांडं होतं, काठाला एक मातकट केस चिकटलेला. मी त्याच्याकडे बघत होते.

आईच्या शेवटच्या दोन महिन्यांत मी तिच्या उशाशी होते. सगळे म्हणतात, लेकीनं किती केलं. केलं. वेळेवर औषधं, अंग पुसणं, कूस बदलणं, रात्री दर दोन तासांनी उठणं, सगळं. पण ती अधूनमधून, बहुतेक संध्याकाळी, काहीतरी बोलायला लागायची. आवाज बदलायचा तिचा. “हे बघ, मी नसले की...” असं व्हायचं किंवा “तुला एक विचारायचं राहिलंय,” असं. आणि तो आवाज आला की मी उठायचे. “थांब हं, पाणी आणते.” दर वेळी पाणी. पाण्याला कुणी नाही म्हणू शकत नाही, पाणी आणायला गेलेल्या माणसाला कुणी नावं ठेवत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहायचे, फुलपात्र विसळायचे, पुन्हा विसळायचे, गाळून घ्यायचे, कोमट करायचे. परत येईपर्यंत तिचा आवाज नेहमीचा झालेला असायचा. ती दोन घोट प्यायची. मग आम्ही खिडकीच्या पडद्याबद्दल वगैरे बोलायचो.

शेवटी शेवटी एकदा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “पाणी नको गं. बस जरा.”

मी आणायला गेलेच.

हे मी त्या दिवशी सांगितलं असं समजू नका. त्या दिवशी मी एवढंच म्हणाले, “मीसुद्धा उठायचे.” मॅडमनी मान हलवली. मग थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “तुम्हाला आठवतंय का, त्या दिवशी तो परत आला होता.” मला आठवत नव्हतं. “पाणी पिऊन तो परत तुमच्या पायाशी आला होता. ओली हनुवटी तुमच्या बुटावर टेकवली होती. पण तुम्ही तोवर पर्स उचललीत.” मला खरंच काही आठवत नव्हतं. लपक लपक आठवत होतं, हातावरचे केस आठवत होते, घड्याळातली बारा मिनिटं आठवत होती. मधला एक आख्खा कुत्रा मी गाळला होता. आठवडाभर ज्याच्यावर खटला चालवला तो आरोपी माझ्या पायाशी येऊन बसला होता आणि मी त्याला ओलांडून निघाले होते. यावर काय वाटावं ते मला ठरवता येईना. परत येणं पुरेसं असतं का? मीही तर दर वेळी परत यायचे, हातात पाणी घेऊन.

मधल्या काळात मला बोक्याच्या बाजूनंही थोडं बघायची सवय लागली. त्याच्या चटईचा एक नियम आहे, तो पहिल्या दिवशीच सांगितला जातो आणि माझ्यासारखे लोक तो ऐकून सोडून देतात : तो चटईवर गेला की त्याला कुणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. दार पूर्ण लावत नाहीत, त्याला बाहेर जाता येईल एवढी फट असते. दिवसाला मोजकेच सेशन, मध्ये फिरणं, मध्ये नुसती झोप. तो कंटाळलाय हे ओळखायला मॅडमनीच मला शिकवलं. झोप नसताना दिलेली जांभई, खायला काही नसताना ओठांवरून फिरवलेली जीभ, मान वळवून कोपऱ्यातून पांढरं दिसेल असं बघणं, अंग ओलं नसताना अंग झटकणं. या खुणा एकदा कळल्या की लोकांचे कौतुकाचे व्हिडिओ बघवत नाहीत. पोरगं गळ्यात पडलंय, सगळे ‘किती गोड’ म्हणताहेत, आणि कुत्रा जांभई देतोय. बोक्याला आणि मॅडमना जोडीनं परीक्षा द्यावी लागली होती. अनोळखी माणसानं धसमुसळेपणानं अंगाशी येणं, मागं धाडकन काहीतरी पडणं, कुबड्या, चाकाची खुर्ची, अचानक ओरडणं, जमिनीवर टाकलेलं बिस्किट न उचलणं. दचकला तर चालतं, दचकून सावरतो किती लवकर ते बघतात. मला वाटलं, ही परीक्षा मीही दिली पाहिजे.

तरीही माझ्या मनात खोच राहतेच. त्याला जायला दार उघडं आहे, पण या खोलीत यायचं की नाही, हे सकाळी कोण ठरवतं? दर तासाला नवं माणूस, नवा घामाचा वास, नवं रडणं. त्यातलं काही त्याच्या अंगात साठत असेल का? मॅडमना विचारलं तर त्यांनी नेहमीसारखं कोरडंच सांगितलं. सकाळी गळ्यातला पट्टा दाखवल्यावर तो स्वतःहून दारापाशी येतो की नाही ते बघते, आला नाही त्या दिवशी घरी ठेवते. असे दिवस येतात. ज्या दिवशी असे दिवस जास्त येतील, त्या दिवशी बंद. वर त्यांनी हेही सांगितलं की सगळ्यांसाठी बोका नाहीच. कुणाला लहानपणी चावलेला असतो, कुणाच्या हातून जनावरांना त्रास झालेला असतो, कुणी कुत्र्याच्या आड इतकं लपून बसतं की त्यालाच आधी बाहेर ठेवावं लागतं. शेवटचं सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पण मला कळायचं ते कळलं.

आणि मत्सराचंही सांगून टाकते. एकदा मी लवकर पोचले. आतून एक शाळकरी मुलगी बाहेर आली, डोळे सुजलेले, आणि बोका तिच्या मागोमाग दारापर्यंत सोडायला आला, शेपूट हलवत. अगदी तशीच शेपूट, जशी तो माझ्यासाठी हलवतो. मी पंचेचाळीस वर्षांची बाई, त्या पोरीकडे बघून मला क्षणभर जे वाटलं ते लिहायची लाज वाटते. माझं म्हणून जे मी धरून बसले होते, ते तो दिवसभर सगळ्यांना देत होता. मग ती मुलगी गेली, आणि त्यानं माझ्या बुटांचा वास घ्यायला सुरुवात केली. आधी डावा, मग उजवा, मग पर्सचा तळ.

ते वाक्य शेवटी मी बोलले ते पावसाळा अर्धा सरल्यावर. काही ठरवून नव्हे. बाहेर धो धो चाललं होतं, बोक्याच्या अंगाला ओल्या कुत्र्याचा तो ओळखीचा, उबट, थोडा आंबट वास येत होता, आणि मी भलतंच काहीतरी सांगत होते, आईच्या कपाटातल्या साड्यांचं वाटप की काय. मध्येच मी म्हणाले, “आईनं मला बस म्हटलं होतं.” आणि बोका उठला. शपथेवर सांगते, तेव्हाच उठला. पाय ताणले, कान फडफडवले, टकटक करत कोपऱ्यात गेला. लपक लपक लपक. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी त्या आवाजावरूनच बोलत राहिले, जरा मोठ्यानं, पावसातून कुणाला हाक मारावी तसं. पाणी नको म्हणाली होती ती. हात धरला होता माझा. मी सोडवून घेतला. हळूच सोडवला, पण सोडवला. फुलपात्र दोनदा विसळलं, तिसऱ्यांदा विसळलं. तिला काय विचारायचं होतं ते मला आता कधीच कळणार नाही.

मग माझा आवाजच बसला. घशाला पार कोरड पडली होती, खोकला यायला लागला. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि त्यांनी टेबलावरच्या जगकडे हात नेला.

“पाणी नको,” मी म्हणाले. “बसा जरा.”

त्या बसल्या. बोका परत आला आणि माझ्या पायांवर पसरला. हनुवटी ठिबकत होती. मोज्यातून आतपर्यंत गार लागलं.